बॅटरी ठणठणीत आहे

जयगड,
शुक्रवार

प्रिय रितेश,

बाबा होते तेव्हाच्या एका सकाळी मी कोंबड्या सोडल्या, अंगण झाडलं, भाकऱ्या भाजल्या आणि उरलेल्या विस्तवावर पाण्याचं पातेलं चढवलं. पाणी चहाचं नव्हतं, बॅटरीचं होतं. खालून तुझे बाबा ओरडले, गो, उकळलं की नाय? मी पातेलं फडक्यात धरून घाटीच्या पायऱ्या उतरले. होडी धक्क्याला लागलेली होती आणि ते आत ओणवे बसून बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा दातांच्या जुन्या ब्रशाने घासत होते. मी कढत पाणी ओतायचं, त्यांनी घासायचं. एकदा पाणी त्यांच्या मनगटावर सांडलं, तर म्हणाले, लग्नात हात धरलास तेव्हासुद्धा एवढा चटका बसला नव्हता. मग खोबरेल लावलं, नट आवळले, चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं. मी घरी येऊन कालवण केलं. काही विशेष घडलं नाही त्या दिवशी, म्हणूनच बहुतेक तो सगळाच्या सगळा आठवतो. सणासुदीचे दिवस आठवायला जावं तर बाबांचा चेहरा नीट दिसत नाही.

आता त्याच बॅटऱ्यांपायी मी वैतागले आहे. फोनवर सांगायला जावं तर माझी दोन वाक्यं होईतो तू विचारतोस, आई, कंट्रोलरवरचा दिवा हिरवा आहे ना? आहे रे बाबा हिरवा. दिवसभर हिरवा असतो. त्या दिव्यापुढे माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून कागद घेतला. चौथीतून शाळा सुटली तरी वाचनालयाच्या पुस्तकांनी मला एवढं लिहायला शिकवलं आहे. अक्षर लावून वाच.

तू मुद्दाम विसरला असशील असं नाही, पण एकदा नीट आठव. भाद्रपदात बाबा धक्क्यावर जाळं उतरवता उतरवता खाली बसले ते उठले नाहीत. तेराव्याला माणसं जेवून उठली आणि तुझ्या मामाने विषय काढला की आता होडी विकून मोकळं व्हावं. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, होडी विकायची नाही. शिमग्याला मी ठाण्याची नोकरी सोडून येतो आणि होडी मीच चालवतो. आई, तोवर तू एकच कर, बॅटऱ्या मरू देऊ नकोस. तुझा आवाज त्या वेळी इतका त्यांच्यासारखा लागला की मी हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवलं. मी हो म्हटलं. त्या घटकेला तू समुद्र उपसायला सांगितला असतास तरी मी हो म्हटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी तू भर उन्हात होडीच्या टपावर चढून सोलरचं पॅनेल बसवलंस, खाली तो कंट्रोलर लावलास. तुझा धंदाच तो, लोकांच्या गच्च्यांवर पॅनेलं बसवायचा. पावसाळ्यात दोन जड बॅटऱ्या घरी चार्ज करायला खांद्यावर घेऊन घाटी चढणं बाबांना जमायचं, मला जमणार नाही, हे तू न सांगता ओळखलंस. मला बरं वाटलं. नुसती पडून राहिली की बॅटरी मरते, तिला रोज थोडं थोडं ऊन पाजायचं, असं मला समजेल अशा शब्दांत सांगितलंस. आणि शेवटी ती काळी डबी लावलीस, सिमकार्डाची. म्हणालास, आई, आता मला ठाण्यात बसून दिसेल बॅटरी किती भरली आहे. तुला काही कळवायलाच नको.

तिथपासून माझ्या मागे हे शुक्लकाष्ठ लागलं.

आधी भावकीतल्या रघूकाकाशी वाजलं. घरात माणूस गेलं आणि होडी मोसमात वर ओढली की भावकीने ती विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी शाकारायची, ही आपल्याकडची रीत. पावसाळ्यात सगळ्यांच्याच होड्या झाकतात, पण ऐन थंडीत एकच झाकलेली होडी किनाऱ्यावर दिसली की लांबूनही कळतं, ह्या घरातला नाखवा, होडीचा मालक, गेला. रघूने बिचाऱ्याने स्वतःच्या माडांच्या झावळ्या विणून, मला न विचारता, एका सकाळीत सगळी होडी शाकारली. पॅनेलसकट. चार दिवसांत तुझा फोन आला, आई काय झालं, आकडा खाली का येतोय? मी जाऊन पाहते तर हे. वर चढून मी झाप ओढायला लागले तर रघू धावत आला. वयनी, ऱ्हवू दे. उनानं फळ्या उघडतील. मी म्हटलं, झाप ठेवले तर बॅटरी मरेल. तो म्हणाला, बॅटरी बाजारात मिळते, होडी मिळत नाय. तो म्हणाला ते मला कळत नव्हतं असं नाही. लाकडी होडी पाण्याबाहेर उन्हात ठेवली तर फळ्या आकसतात आणि फटी पडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तू बॅटरी सांगितली होतीस. झापांना मधोमध भोक पाडून पॅनेल उघडं ठेवावं म्हटलं, तर सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटला की भोकाच्या कडेचे झाप उलटून पुन्हा काचेवर यायचे. रोज मी वर चढायची, रोज खालून कोणीतरी म्हणायचं, अगो पडशील. वर चढणारीला असं सांगून काय उपयोग, शिडी धरावी.

मग तू फोनवर सांगितलंस तसं पॅनेल खाली घेतलं. बांबूची मांडणी करून होडीच्या बाजूला उभं केलं, लांब वायर टाकली. होडीला सावली, पॅनेलला ऊन. मला वाटलं, संपली कटकट. पण थंडीतलं ऊन कसं तिरकं पडतं ते मला इतकी वर्षं इथे काढूनही माहीत नव्हतं. किनाऱ्यालगतच्या यमुनाआजीच्या माडाची सावली सकाळी पॅनेलवर, दुपारी जाळ्यांच्या ढिगाची, नंतर आपल्याच होडीची. झावळीची एवढीशी सावली पडली तरी वीज निम्म्याने उतरते, हे तुझ्या त्या इंग्रजी पुस्तिकेत आहे. डिक्शनरी घेऊन वाचली मी ती. म्हणून मांडणी सकाळी इकडे ओढ, जेवून आले की तिकडे ओढ. त्यात कावळे आणि बगळे. काचेवर बसून माश्यांचे काटे खायचे आणि मागे जे ठेवायचं ते ठेवून जायचे. दवाने भिजलेली ती घाण मी सकाळी फडक्याने पुसते. देवाची उपकरणी मी आठवड्याने घासते, पॅनेल रोज.

आणि जवळा! तो तर तुला सांगितलाच नाही. एका दुपारी फोन आला तुझा, आई, लख्ख ऊन आहे ना तिकडे, मग चार्जिंग शून्य कसं? मी धावत खाली गेले. सबंध काचेवर जवळा पसरलेला, गुलाबी, एकसारखा, अगदी कोपऱ्यापर्यंत. बाजूला यमुनाआजी काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. मी म्हटलं, अहो काकी, हे काय? तर म्हणते कशी, अगो वाळूत घातला तर दाताखाली कचकच लागते. हे बघ कसं, खालून काच तापते, वरून ऊन, दोन तासांत कुडकुडीत. तुझ्या पोरानं बरी सोय केलीन. तिच्या नातीच्या बारशाला मी त्याच जवळ्याची कोशिंबीर खाल्ली. छान झाली होती.

मी तिला समजावलं, पॅनेल ऊन खातं, त्याच्यावर काही घालायचं नाही, घातलं की रितेशला तिकडे कळतं आणि त्याचा फोन येतो. म्हातारीने ऐकून घेतलं. मग पुढे बरेच दिवस काही बिघडलं नाही. आभाळ स्वच्छ, काच स्वच्छ, दिवा हिरवा. आणि तुझा फोन नाही. एकदा मी मांडणी ओढत होते तर यमुनाआजीने विचारलं, काय गो, पोरगा काय म्हणतो? मी म्हटलं, कामात असेल, फोन नाही बरेच दिवस. ती सूप काखेत घेऊन उभी होती. म्हणाली, मग पसरू का जवळा? माझा जवळा वाळेल, तुझ्या पोराचा फोन येईल. दोघींचं काम होईल.

रितेश, मी हसले. बाबा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते, पोट धरून, वाळूत बसून. ती पण हसली. आणि मग हसता हसताच मला असा संताप आला की मी उठून घरी आले आणि नुसतीच पायरीवर बसून राहिले. म्हातारीवर नाही आला. तुझ्यावरही आला असं म्हणवत नाही. तिने थट्टेत सांगितलं ते तंतोतंत खरं होतं, त्याचा आला. मी तिला जवळा पसरू दिला नाही. तुझा फोन यावा असं रोज वाटतं, पण तो असा नको.

पौषात मला ताप आला. तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि आजारपण आपणहून सांगायची मला सवय नाही. थंडी वाजून ताप भरायचा. डॉक्टर म्हणाले साथीचा आहे, निजून राहा. रघूची बायको पेज आणून द्यायची. खाली जाऊन पॅनेल पुसायला मी नव्हते, पण त्या दिवसांत ऊन इतकं चांगलं पडलं, आणि रघूच मांडणी फिरवत असावा, की बॅटरीला काही झालं नाही. मी गोधडीत असताना तुझा मेसेज आला. तो मी पुसलेला नाही. आई, आकडा एकदम मस्त आहे, सगळं ठणठणीत. पुढे तो अंगठा. मी ते वाचलं आणि फोन उशीखाली ठेवला. बॅटरी होती ठणठणीत. खोटं काही नव्हतं त्यात.

त्या आजारात मी वाचनालयातलं एक जुनं विज्ञानाचं पुस्तक वाचलं. बॅटरीच्या आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि ती नुसती पडून राहिली की त्या पट्ट्यांवर पांढरे खडे धरतात. ते खडे एकदा घट्ट झाले की मग कितीही वीज घाला, ती साठवतच नाही. तू सांगितलं होतंस ते बरोबर होतं. पण त्याच पुस्तकात दुसरंही होतं, आणि ते तू मला सांगितलं नव्हतंस. गाडी चालती असली, बोट चालती असली, की इंजिनचा डायनामो बॅटरी भरत राहतो, कोणाला काही करावं लागत नाही. हे तर मला डोळ्यांनी दिसत आलं होतं. तुझ्या बाबांनी कधी पॅनेल लावलं? मोसमात पातेलंभर गरम पाणी आणि खोबरेल, एवढीच त्यांची निगा. बॅटरी जगवत बसायची वेळ उभ्या होडीवरच येते. सगळी थंडी मी ऊन इकडून तिकडे ओढत होते आणि मोसम डोळ्यांदेखत चालला होता. समोर रोज होड्या जात होत्या, बांगडा येत होता, आणि आपली होडी बॅटऱ्या भरून वाळूत बसली होती.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. कार्तिकातच रघूने मला विचारलं होतं. वयनी, होडी बसवून ठेवू नको, मी चालवतो मासळीच्या वाट्यावर, रितेश आला की त्याची त्याला. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर राबून तो कंटाळला आहे, आणि बाबांबरोबर इतकी वर्षं गेलेला माणूस, होडीची नस त्याला माहीत. मी नाही म्हटलं. रितेशने शब्द दिला आहे, तो येईल तेव्हा होडी तशीच्या तशी त्याच्या हातात द्यायची, असं म्हटलं. रघू एवढंच म्हणाला, तशीच्या तशी ऱ्हात नाय काय. मला राग आला त्याचा. महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही, आणि तो मांडणी फिरवत राहिला.

गेल्या रविवारी सूनबाईचा, ऋतिकाचा फोन आला. तिला रागावू नकोस, तिच्या मनात काही नव्हतं. आनंदात होती. बोलता बोलता म्हणाली, आई, मार्चपासून रितेशला नाशिकची मोठी साइट मिळाली, सगळी माणसं त्याच्या हाताखाली, आम्ही तिकडे घर बघायलाही जाऊन आलो. मी म्हटलं, छान झालं गो. खरंच छान झालं. मग तिने हळूच विचारलं, तो तुमच्याशी बोलला असेलच ना? मी म्हटलं, हो हो. तिला कशाला अवघड करायचं. फोन ठेवला आणि खाली गेले. झापाची एक कड उचलून आत हात घातला. पाण्याच्या बाजूच्या दोन फळ्यांमध्ये माझी करंगळी शिरली. झापांखाली असूनही. एवढे दिवस पाणी लागलं नाही की होणारच. मी रोज त्या होडीपाशी जात होते, तिला टेकून उभी राहत होते, आणि बघत मात्र दिव्याकडे होते.

मंगळवारी मी रघूच्या दारात गेले. म्हटलं, रघू, होडी घे. तो जाळं विणत होता. वर न बघता म्हणाला, तेव्हा सांगितलं तर ऐकलंस नाय. मी म्हटलं, आता ऐकते. तो आला, होडीभोवती फिरला, फटींत कापूस आणि राळ कुठे भरायची ते बघितलं. म्हणाला, पाण्यात घातली की दोन-चार दिवस गळेल, पाणी उपसत बसावं लागेल, मग फळ्या फुगून आपोआप मिटतील, अजून गेलेली नाय. मग डोकं खाजवत उभा राहिला. काय रे? तर म्हणे, नारळ. होडी पाण्यात घालताना नारळ मालकानं वाढवायचा. रितेशला बोलव. मी म्हटलं, तो यायचा नाही. मग व्हिडिओवर तरी? मी म्हटलं, व्हिडिओवर नारळ फुटतो का मेल्या? यमुनाआजी ओट्यावरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, गोदा, तू वाढवलास तर कोण अडवणार नाय, पण लोक बघतील हो. मी म्हटलं, काकी, सगळी थंडी लोकांनी मला बगळ्यांची घाण पुसताना बघितलंय. हेही बघू देत. म्हातारी ओट्यावरून उठली. आत जाऊन तिने तिच्या माडाचा एक नारळ आणला आणि माझ्या हातात दिला. रघू म्हणाला, भरती सकाळची हाय, उशीर करू नको.

हे पत्र मी तुला रागावण्यासाठी लिहिलेलं नाही, जरी वाचून तसं वाटेल. तेराव्याच्या दिवशी तू जो शब्द दिलास तो दुःखात दिलास आणि मी तो दुःखात धरून बसले. तो मी तुला परत करते आहे. तू नाशिकला जा, सुखाने घर कर. मला तोंड दाखवायला लाजू नकोस आणि फोनवर शिमग्याचं खोटं सांगत राहू नकोस. बुधवारपासून तुझे सारखे फोन येत आहेत, कारण आकडा दिसायचा बंद झाला आहे. मी बरी आहे, पत्र येतंय, एवढाच मेसेज मी केला आणि फोन उचलला नाही. उचलला असता तर आपण पुन्हा व्होल्टेजवर बोललो असतो. डबी बिघडलेली नाही, मी ती काढून कपाटात ठेवली आहे. आता माझं कसं चाललं आहे ते तुला विचारावं लागेल, आणि मी सांगेन. मंगळवारीच रघूने रात्रीपर्यंत फटी भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला मी नारळ वाढवला आणि होडी पाण्यात घातली.

तुझीच,
आई